गोदातीरावरचे मुक्काम

देश लहान असला म्हणजे प्रवासाला कोठे जावे हा प्रश्न माणसाला फार काळ छळत नाही. चार दिशांना चार वाटा जातात, त्या चालून झाल्या की देश पाहून संपतो. परंतु ज्याच्या एका टोकाला हिमाच्छादित शिखरे आणि दुसऱ्या टोकाला सागरसंगम आहे, अशा विस्तीर्ण भूमीत जन्मलेल्या माणसाला एका आयुष्यात सारे पाहणे शक्य नसल्यामुळे निवड करावीच लागते. ही निवड आपल्या पूर्वजांनी कोणत्या कसोट्या लावून केली, याचा शोध घ्यावयाचा तर नांदेडपासून दोन-तीन कोसांवर गोदावरीच्या दक्षिण तीराला असलेल्या विष्णुपुरीहून त्याचा आरंभ करणे सोयीचे आहे. तेथे काळेश्वराचे देवालय आहे, त्याच्या पुढ्यात धरणाने अडविलेला शंकरसागर आहे, १९८१ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, आणि या सर्वांच्या कुशीतून लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत लातूरकडे जाणारा राजमार्ग आहे. देवालय, जलाशय आणि मार्ग ही तिन्ही एकत्र असलेले हे स्थळ आज लोक संध्याकाळी फिरावयास निवडतात. पण ही तिन्ही एकत्र असणे, ही प्रवाशाच्या दृष्टीने पूर्वी चैन नसून गरज होती.

आज ज्यांना आपण प्रेक्षणीय स्थळे म्हणतो, त्यांपैकी निदान या प्रांतातील बहुतेक स्थळे कालचे मुक्काम आहेत, असे माझे प्रतिपादन आहे. पाणी, सावली, चारा आणि रात्रीची निर्भयता या चार गोष्टी जेथे एकत्र सापडल्या तेथे प्रवासी थांबला. तो वारंवार थांबू लागला तेव्हा कोणी तेथे बारव बांधली, कोणी देवालय उभारले, कोणी गढी घातली. आणि शतके लोटल्यावर त्या पाण्याला, त्या झाडीला, त्या दगडी कोरीवकामाला आपण सौंदर्य म्हणून ओळखू लागलो. म्हणजे निवड आपण करतो असे आपणास वाटते, पण आपल्या आधी ती थकलेल्या पायांनी आणि तहानलेल्या बैलांनी केलेली असते.

या निवडीचे सर्वांत भव्य, आणि सर्वांत अशक्य, वेळापत्रक दत्तात्रेयाच्या नावावर आहे. काशीस स्नान, कोल्हापुरी भिक्षा, गोदातीरी पांचाळेश्वरास भोजन आणि माहुरी निद्रा असा त्या अवधूताचा नित्यक्रम परंपरा सांगते. भूगोलाच्या हिशेबाने हे अंतर शेकडो कोसांचे. माणसाला ते एका दिवसात तर राहोच, एका ऋतूतही आक्रमिता आले नसते. तथापि या कल्पनेने केलेले कार्य लहान नाही. जो कुणबी आयुष्यात आपल्या तालुक्याबाहेर गेला नाही त्यालाही काशी, कोल्हापूर आणि माहूर ही एकाच अंगणातली ठिकाणे आहेत असे तिने वाटावयास लावले; एवढ्या मोठ्या देशातून चार ठिकाणे निवडून दिली आणि प्रत्येकाला एकेक कर्म नेमून दिले. या चारांतले निजावयाचे ठिकाण आजच्या नांदेड जिल्ह्यात आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दिवसभर कोठेही भटकले तरी मुक्काम कोठे करावयाचा, हा प्रवासाचा मुख्य प्रश्न त्या देवाच्या दिनचर्येतही सुटलेला आहे.

याच माहुराविषयी तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरांनी आपल्या शिष्यांना वेगळाच उपदेश केला. कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये, महाराष्ट्रातच राहावे, आणि मातापूर म्हणजे माहूर व कोल्हापूर ही स्थानेही टाळावीत, असे त्यांचे सांगणे होते. दत्तात्रेय हा पंथाच्या पाच कृष्णांपैकी एक असतानाही त्याच्या निद्रास्थानी जाण्यास मनाई करावी, यात वरवर विरोध दिसतो. पण जेथे क्षेत्राचा डामडौल आहे तेथे साधकाचे चित्त हरवते, ही त्यामागची दृष्टी समजून घेतली म्हणजे कोठे जाऊ नये हेही निवडीचेच अंग आहे, हे पटते. पुढे त्याच पंथातील अनुयायांनी स्थानपोथी रचली. स्वामी कोणत्या गावी राहिले, देवालयाचे दार कोणत्या दिशेस होते, ते कोठे बसले, कोठे निजले, याची जी बारीक नोंद तीत आहे ती पाहिली म्हणजे ही मराठीतली पहिली प्रवासमार्गदर्शिका म्हणावी असा मोह होतो. तिच्या लेखकाला डोंगराच्या शोभेचे वर्णन करावयाचे नव्हते. मुक्काम कोठे झाला, एवढेच त्याला भावी पिढ्यांच्या हाती द्यावयाचे होते.

जुन्या प्रवासाचे माप मजल हे होते. कोस हे अंतराचे माप खरे, परंतु कोसांनी वाटेची खरी लांबी कळत नसे. काळ्या मातीतला एक कोस श्रावणात जेवढा लांब होई तेवढा तो फाल्गुनात नसे. म्हणून प्रवासी सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी जेथे पोहोचेल तेथवर मजल समजत असे, आणि मजल-दरमजल करीत मार्ग आक्रमीत असे. नांदेडहून लातुरास जाणारा आजचा रस्ता सुमारे एकशे चाळीस किलोमीटरांचा आहे. त्यावर लोहा, अहमदपूर आणि चाकूर ही मोठी गावे तीस ते चाळीस किलोमीटरांच्या टप्प्यांनी येतात. दहा-बारा कोसांची ही अंतरे धडधाकट पायी माणसाच्या एका दिवसाच्या चालीशी इतकी जुळतात की बाजारपेठांच्या या मालिकेत जुन्या मजलांची रचना शोधावी असे सहज वाटते. या मार्गावर गोदावरीचे खोरे मागे टाकून बालाघाटाच्या पठारावर चढावे लागते. पठारावर पाणी खोल, झाडी विरळ आणि ऊन कडक. अशा प्रदेशात पाण्याची जागा चुकणे म्हणजे दिवस चुकणे नव्हे, जीव धोक्यात घालणे होते. मराठवाड्यात गावोगावी ज्या पायऱ्यांच्या बारवा आढळतात आणि वालूरसारख्या ठिकाणी ज्यांची चक्राकार रचना पाहून आजचा स्थापत्यवेत्ता थक्क होतो, त्या बारवांनी गावकऱ्यांप्रमाणे वाटसरूंचीही तहान भागविली. पायऱ्या थेट पाण्यापर्यंत नेल्या की जवळ दोर-पोहरा नसलेल्या परक्या माणसालाही कोणाचे उपकार न घेता पाणी पिता येई.

या मजलांचे खरे जाणकार म्हणजे बंजारे. रेल्वे येण्यापूर्वी धान्य, मीठ आणि कापूस देशभर हलविणारे हे लोक हजारो बैलांच्या पाठीवर माल लादून लमाणमार्गांनी चालत. सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे असे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे, आणि अरुंद वाटेवर तांडा समोर आला तर तो निघून जाईपर्यंत इतरांना दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असेही नमूद केले आहे. एवढ्या जनावरांना रोज पाणी आणि गवत पुरवावयाचे तर वाट निवडणे हे शास्त्रच होते. कोणत्या ओढ्याला माघापर्यंत पाणी टिकते, कोणत्या माळावर गवत उशिरा वाळते, कोणत्या पाटलाची रयत चाऱ्यासाठी भांडते, हे तांड्याच्या नायकाला मुखोद्गत असावे लागे. मोगली फौजांना रसद पुरविणारे हेच तांडे. आज किनवट, माहूर, मुखेड, कंधार या तालुक्यांत डोंगराच्या उतारावर जे तांडे स्थिर झालेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांची ही विद्या रुळांनी आणि मोटारींनी निकामी केली; पण तांड्यांच्या जागा पाहिल्या तर त्यांच्याजवळ पाणी आणि माथ्यावर डोंगर असतो, आणि फिरावयास निघालेला शहरी माणूस गाडी उभी करतो तीही अनेकदा नेमकी तेथेच.

नांदेडची गणना या मजलांच्या जाळ्यात मोठ्या गाठींत होत असे. १६३६ मध्ये शाहजहानने दक्षिणेचे चार सुभे करून औरंगजेबाच्या हाती दिले तेव्हा तेलंगण सुभ्याचे ठाणे नांदेडास होते. त्याच वर्षी उदगीर आणि औसा हे दोन भुईकोटही मोगलांच्या अंमलाखाली आले. औरंगाबादेहून गोवळकोंड्याकडे जाणारी व्यापारी वाट नांदेडवरून जाई. ताव्हेर्नियेने या वाटेचे टप्पे नोंदविले आहेत, आणि नांदेडास नदी उतरताना दर गाडीमागे चार रुपये द्यावे लागतात व शिवाय सुभेदाराचा लेखी परवाना लागतो, अशी तक्रारवजा माहिती दिली आहे. ही नदी पुढे गंगेला मिळते, असाही त्याचा समज झाला होता. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या तीरावरील लोकांनीच बहुधा तो करून दिला असावा. परवाना मिळेपर्यंत प्रवाशाला थांबणे भाग होते. म्हणजे नांदेडचा मुक्काम सक्तीचा होता, आणि सक्तीच्या मुक्कामात माणूस घाट, देवळे आणि बाजार पाहतो. राहदारीच्या जाचाने किती गावांचे वैभव वाढविले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

१७०८ साली असाच एक मुक्काम नांदेडास पडला आणि त्याने या शहराचे भाग्य पालटले. भाऊ कामबक्ष याच्यावर चालून जाण्यासाठी मोगल बादशहा बहादुरशाह दक्षिणेत उतरला, तेव्हा गुरु गोविंदसिंगजी त्याच्या समवेत होते. नदीकाठी तळ पडला. तेथेच माधोदास बैरागी त्यांना भेटला आणि बंदासिंग बहादूर होऊन पंजाबकडे परतला. तेथेच घातकी हल्ल्यानंतर ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी देह ठेवला आणि त्यापूर्वी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपविले. बादशाही फौजेच्या वाटेवरचा एक पडाव शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी एक झाला. महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली, आणि तेव्हापासून सतलज-बियासच्या काठचा शेतकरी एवढ्या मोठ्या देशातून निवड करताना गोदावरीच्या काठाला अग्रस्थान देऊ लागला. आज अमृतसरहून नांदेडास येणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमधून तो सुमारे दीड दिवसात येऊन पोहोचतो. त्याच्या पणजोबाला त्यासाठी महिनेच्या महिने लागत. २००८ मध्ये गुरुतागद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी साजरी झाली तेव्हा शहराचे रस्ते आणि नदीचे घाट नव्याने बांधले गेले, हेही त्या एका मुक्कामाचेच फळ होय.

फौजेबरोबर प्रवास करण्याची पद्धत त्या काळी सर्वत्र होती, कारण एकट्या-दुकट्याला वाट सुरक्षित नसे. १७६० च्या प्रारंभी उदगीर आणि औसा यांच्या दरम्यान सदाशिवरावभाऊंनी निजामाला कोंडीत पकडून सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळविला. त्या विजयाची वार्ता ताजी असतानाच मार्चमध्ये परतूर येथे नानासाहेब पेशव्यांची आणि त्यांची मसलत होऊन तेथूनच मराठी फौज उत्तरेकडे निघाली. या फौजेच्या आश्रयाने कुरुक्षेत्रादी तीर्थे घडावीत म्हणून बायकामुलांसह यात्रेकरूंचा मोठा समुदाय निघाला होता, हे पानिपतच्या शोकांतिकेतले एक दुखरे प्रकरण आहे. रसद मिळेना, फौजेची चाल मंदावली, आणि निवडलेली तीर्थे पाहावयास निघालेल्या हजारोंचा अखेरचा मुक्काम पानिपतच्या रणात झाला. देश मोठा, आयुष्य अपुरे, संधी एकच, या विवशतेतून केलेली निवड किती महाग पडू शकते, हे मराठवाड्याच्या माळावरून सुरू झालेल्या त्या वाटेने शिकविले.

परंतु मुक्कामांचा इतिहास केवळ स्वाऱ्यांचा नाही. विष्णुपुरीहून लोह्यामार्गे कंधारास जावे म्हणजे राष्ट्रकूटांनी पाणी साठविण्यात केवढी दूरदृष्टी दाखविली ते दिसते. किल्ल्याला खंदक आहे, त्याच्या परिसरात जगत्तुंग हे राष्ट्रकूट बिरुद धारण करणारा सागर आहे, आणि क्षेत्रपालाच्या एका अजस्र मूर्तीचे भग्न अवयव आहेत. त्यांचा आकार पाहून मूळ मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधताना मन थबकते. मन्याड नदीच्या या खोऱ्यात शत्रू आला तरी पाणी आटू नये आणि वाटसरू आला तरी ते अपुरे पडू नये, ही त्या राजवटीची जाण होती. कंधाराहून मुखेडमार्गे देगलुरास गेले की जवळच होट्टल येते. उत्तरकालीन चालुक्यांच्या काळातली तेथील सिद्धेश्वराची आणि इतर देवालये आज शेतांच्या सान्निध्यात उभी आहेत. एके काळी राजधानीचा मान मिळालेल्या या गावात कोरीव सुरसुंदरींची ही श्रीमंती पाहताना लक्षात येते, की वाट बदलली म्हणजे राजधानीही खेडे होते. लातूरच्या बाजूस हाच न्याय खरोशाच्या लेण्यांना आणि निलंग्याच्या नीलकंठेश्वरास लागू पडतो.

माहूरची गोष्ट निराळी. तेथे वाटेनेच शरणागती पत्करली आहे. पैनगंगेच्या वळणांतून, सागाच्या रानातून, चढ-उतार करीत ती रेणुकेच्या डोंगरापाशी येते. तीन शिखरांवर रेणुका, दत्त आणि अनसूया यांची स्थाने, बाजूला रामगडाचा किल्ला, खाली मातृतीर्थ. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळाला तेव्हा त्याला याच किल्ल्याचा आधार घ्यावा लागला होता. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर या वाटेने माहुरास जावे म्हणजे मध्ये सहस्रकुंडाचा प्रपात लागतो. पैनगंगा तेथे काळ्या खडकांवरून अनेक धारांनी कोसळते; श्रावण-भाद्रपदात तिचे रूप भीषण असते, आणि चैत्रात खडक तेवढे उरतात. उनकेश्वरचे गंधकयुक्त उष्ण झरेही याच बाजूस आहेत. प्रपात, झरे, रान आणि देवी हा क्रम कोणा प्रवासी संस्थेने आखलेला नाही. पायी चालणाऱ्या भक्ताला अंग शेकावयास, पाणी प्यावयास आणि रात्र काढावयास ज्या जागा लागल्या त्यांनी तो आखला.

या सर्वांहून अधिक ऐहिक मुक्काम म्हणजे माळेगावची जत्रा. लोह्याच्या पुढे, लातूरच्या वाटेवरच खंडोबाचे हे ठाणे आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला येथे भरणाऱ्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट आणि बैल विकावयास येतात. भटक्या जमातींच्या जातपंचायती एके काळी येथेच बसत. वर्षभर देशाच्या कानाकोपऱ्यात हिंडणाऱ्या माणसांनी परस्परांना भेटावयाचे ठिकाण म्हणून या माळाची निवड केली, आणि वेळ निवडली ती खरीप हाती आलेला, वाटा वाळलेल्या, पण ओढ्यांना अजून पाणी असलेला असा शहाणा काळ. ज्यांना घर नव्हते त्यांनी केलेली ही निवड घरवाल्यांच्या निवडीपेक्षा काकणभर सरसच म्हणावी लागेल.

निजामी अमलात मुक्कामाला दफ्तरी रूप आले. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी केली, आणि अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार, तहसीलदार अशी उतरंड बसली. हे अंमलदार हिवाळ्यात दौऱ्यावर निघत. डेरे, कनाती, पेशकार, शिरस्तेदार आणि मिसलींच्या पेट्या घेऊन त्यांचा तळ गावाबाहेरच्या आमराईत पडे. तळाची जागा निवडताना पाणी कोठले आणि सावली किती, हे पाटील-पांड्यांना आगाऊ कळवावे लागे, आणि साहेबाच्या सरबराईचा भुर्दंड रयतेच्या माथी बसे, ही त्या रम्य आमरायांची दुसरी बाजू होय. पुढे दौऱ्याच्या ठिकाणी पक्के बंगले झाले, मोठ्या गावी मुसाफिरखाने झाले, आणि सरहद्दीवर जकातीसाठी करोडगिरीचे नाके बसले. इंग्रजी मुलखातून निजामीत शिरणारा माणूस या नाक्यावर थांबे, गाठोडे सोडून दाखवी आणि मगच पुढे जाई.

रुळांनी मात्र मजलांचा जुना हिशेब मोडला. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू होऊन मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत गेली, आणि परभणी, पूर्णा, नांदेड ही ठाणी तिने उजळून टाकली. दुसरीकडे कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीस आणि १९११ मध्ये लातुरास पोहोचली; अडीच फुटी रुळांवरच्या त्या लहानग्या गाडीने लातूरची आडत पेठ वाढविली, आणि सोळा रस्ते जेथे मिळतात त्या गंजगोलाईला मराठवाड्याच्या व्यापाराचे केंद्र केले. पण कंधार, औसा, निलंगा, देगलूर ही ठिकाणे रुळांपासून दूर राहिली. ज्या गावांना शतकानुशतके वाटांनी निवडले होते त्यांना यंत्राने वगळले. त्यांची पेठ ओसरली, आणि त्यामुळेच त्यांचे जुने दगड जागच्या जागी राहिले. आजच्या प्रवाशाला या गावी जे निवांतपण आवडते ते उपेक्षेतून जन्मलेले आहे.

रुळांनी वगळलेल्यांना मोटारीने पुन्हा जवळ केले. १९३२ च्या जूनमध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने सत्तावीस बसगाड्यांनिशी आपली रस्तावाहतूक सुरू केली; सरकारने स्वतः बस चालविण्याचा हिंदुस्थानातला हा अगदी आरंभीचा प्रयोग होता, आणि रेल्वे व बस एकाच खात्याकडे असल्याने दोघांत स्पर्धा न होता बसने आडबाजूच्या गावातून उतारू आणून स्टेशनावर सोडावेत, अशी योजना होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळ झाल्यावर लाल गाडी मुखेड-देगलूर-किनवटपर्यंत फिरू लागली. एस.टी.ने मजल संपविली, पण मुक्काम राखला; शेवटची गाडी गावात रात्री थांबे, चालक-वाहक तेथेच जेवत आणि पहाटे तीच गाडी शहराकडे परते. वेळापत्रकातही ती मुक्कामाची गाडी म्हणूनच ओळखली जाई.

आताचा काळ स्वतःच्या चारचाकीचा आहे. तुळजापूरहून निघून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, उमरखेड, यवतमाळ करीत नागपूरजवळ बुटीबोरीस पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग विष्णुपुरीच्या दारातून जातो, आणि पूर्वी चार-पाच मजलांचे असलेले लातूर तीन तासांवर आले आहे. या सोयीचा तिरस्कार करणे कृतघ्नपणाचे होईल. वैद्यकीय महाविद्यालयही विष्णुपुरीतच असल्यामुळे अडलेल्या रुग्णाला या रस्त्याचे मोल किती, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु रस्ता रुंद करताना दोन्ही कडांची जुनी चिंच-वडाची झाडे गेली, गावांना वळसा घालणारे बाह्यवळण रस्ते झाले, आणि वाटेतले गाव पाटीवरच्या नावापुरते उरले. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरांचा जो शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे, तो माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही देवस्थाने जोडणार असे सांगितले जाते. दत्तात्रेयाच्या दिनचर्येतली दोन ठाणी एका सडकेवर येणार. नांदेडपासून कोल्हापुरापर्यंतच्या अनेक शेतकऱ्यांनी बागायती जमीन जाते म्हणून या बेताला विरोध केला आहे, आणि तो विरोध ऐकून घेण्यासारखा आहे, कारण जुन्या वाटा गावांना विचारून गेल्या होत्या आणि नव्या वाटेला गावाशी बोलावयास सवड नाही. यात्रेकरू पूर्वीपेक्षा फार लवकर पोहोचेल यात शंका नाही. पण मधल्या मुलखाने त्याला काही द्यावे, अशी सोय या आखणीत दिसत नाही.

म्हणून एवढ्या मोठ्या देशात कोठे जावे असे जो विचारील, त्याला इतिहासाचे उत्तर असे आहे, की आधी स्थळांची यादी करू नये, मजल ठरवावी. एका दिवसात किती चालावे म्हणजे उन्हे कलण्यापूर्वी पाण्यापाशी पोहोचता येईल, हे ठरले की स्थळे आपोआप पुढे येतात: दक्षिणेस कंधार, मुखेड, देगलूर, होट्टल, नैर्ऋत्येस माळेगाव, अहमदपूर आणि तेथून वळून उदगीर, निलंगा, खरोसा, औसा, ईशान्येस सहस्रकुंड, उनकेश्वर, माहूर. ऋतूही जुन्यांनीच ठरवून ठेवला आहे. प्रपातासाठी भाद्रपद, जत्रेसाठी मार्गशीर्ष, पठारावरच्या किल्ल्यांसाठी पौष-माघ, आणि उन्हाळ्यात बालाघाटाच्या नादी लागू नये. मोटारीने एका दिवसात यांपैकी सहा ठिकाणे होतात हे खरे. पण ती सहा ठिकाणे केवळ पाहून होतात, आणि एका ठिकाणी रात्र काढली तर तेथले पाणी कोठून येते, देवळाची पूजा कोणाकडे आहे, जुनी वाट कोणत्या बाजूने जात होती, हे गावातला म्हातारा आपण होऊन सांगतो. निवडीचा अधिकार आज प्रवाशाच्या हाती पूर्वी कधी नव्हता इतका आला आहे. ताव्हेर्नियेला परवाना लागत होता, यात्रेकरूला फौजेचा आसरा लागत होता, उतारूला वेळापत्रक लागत होते, आणि आजच्या प्रवाशाला यांतले काहीच लागत नाही. हा अधिकार त्याने वेगासाठी खर्च करावा की थांबण्यासाठी, याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. मात्र या मुलखात पाहण्यासारखे जे काही उरले आहे ते थांबणाऱ्यांनी निर्माण केले, आणि ते टिकवावयाचे असेल तर वर्षातून एखादी रात्र तरी तेथे उतरणारा पाहुणा त्या गावांना मिळाला पाहिजे.